आतलं आंबट

भरतेशने आमटीत चिंचेचा कोळ आणखी एक पळी ओतला, चांगली उकळी येऊ दिली आणि वाटीत घोटभर आमटी घेऊन तो जेवणाच्या टेबलापाशी आला.

"आता बघ बरं."

पद्मजाने घोट घेतला, तोंडात घोळवला, जिभेने टाळूवर दाबला आणि डोळे मिटून थांबली. गूळ कळला. मीठ कळलं. फोडणीतल्या मेथीचा बारीकसा कडवटपणाही कळला. आंबट मात्र पलीकडच्या गल्लीतून कुणी हाक मारावी तसं लांबून, पुसट ऐकू आलं.

"अजून थोडं लागेल."

"अगं, भांड्यात आता डाळ कमी आणि चिंचच जास्त झालीय!"

"मग काय खोटं सांगू?"

भरतेश परत ओट्याकडे वळला. तेवढ्यात जयसिंगपूरहून पद्मजाचा धाकटा भाऊ सन्मती आला. रविवारी दुपारचं जेवण अक्काकडे, हा त्याचा जुना शिरस्ता. हात धुऊन तो पानावर बसला, भातावर आमटी ओतून घेतली आणि पहिला घास तोंडात घातला. दुसऱ्या क्षणाला त्याचा एक डोळा घट्ट मिटला, खांदा कानाला टेकला आणि डोळ्यांतून पाणी आलं.

"दाजी," श्वास घेत तो म्हणाला, "ही जेवायची आमटी आहे, का तांब्याचा हंडा घासायची?"

भरतेशने पद्मजाकडे बघितलं. पद्मजा आधी खो खो हसली, मग तिने हातातल्या वाटीकडे बघितलं. याच आमटीला तिने मघाशी अजून थोडं लागेल म्हटलं होतं.

तीन-साडेतीन वर्षांपूर्वी पद्मजाच्या घशातल्या गाठीवर किरणोपचार झाले होते. गाठ गेली, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेली. बऱ्याच जणांची चव काही महिन्यांनी हळूहळू परत येते. हिची आली नाही. नाक शाबूत होतं, त्यामुळे फोडणीचा वास यायचा, पण घास तोंडात गेला की ओली माती. मिरजेतल्या तिच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात ती दिवसभर लोकांचे गुडघे आणि खांदे हलते करायची आणि घरी येऊन औषध घ्यावं तशी जेवायची. तिने केलेल्या स्वयंपाकात मीठ दोनदा पडायचं किंवा पडायचंच नाही. शेवटी भरतेशनेच झारा हातात घेतला. आयुष्यभर विजेच्या उपकेंद्रांवर काम केलेला हा माणूस पन्नाशी उलटल्यावर भाकरी थापायला शिकला. रोज वाढताना विचारायचा, "कसं झालंय?" आणि पद्मजा त्याच्या तोंडाकडे बघून म्हणायची, "छान."

मग रसपटल आलं. गावाबाहेरच्या एका संशोधन संस्थेने ते तयार केलं होतं आणि निवडक लोकांवर त्याची चाचणी चालू होती. कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ, आरपार दिसणारी झिल्ली टाळूला चिकटवायची. तोंडात काही गेलं की झिल्लीवरचे सूक्ष्म संवेदक ते ओळखतात आणि कानामागे बसवलेल्या वाटाण्याएवढ्या कुपीला कळवतात. जिभेकडून मेंदूकडे जाणारी चवीची एक शीर, म्हणजे मज्जातंतू, कानातूनच जाते. कुपी त्या शिरेला अगदी हलक्या विजेने सांगते की गोड आलं, खारट आलं.

रसपटल लावल्यावर पद्मजाने पहिल्यांदा खाल्ली ती खपली गव्हाची खीर. एक चमचा तोंडात घातला आणि संस्थेच्या त्या पांढऱ्याशुभ्र खोलीत, चार अनोळखी लोकांसमोर, ती ओक्साबोक्शी रडली. पुढच्या आठवड्यात तिने इतकी खीर खाल्ली की भरतेशने खपली लपवून ठेवली. सगळं परत आलं होतं. फक्त आंबट काही जमत नव्हतं.

आणि आज सन्मतीच्या डोळ्यांतल्या पाण्याने ते उघड झालं.

"थांब, आपण नीट बघू," जेवणं झाल्यावर सन्मती म्हणाला. त्याला असल्या गोष्टींचा भारी उत्साह. त्याने फ्रिज उघडून दह्याचं भांडं काढलं, लिंबू चिरलं आणि पाहुण्यांसाठी आणून ठेवलेल्या काळ्या सोड्याची, म्हणजे कोलाची, बाटली फोडली. "अक्का, एकेक घे आणि सांग."

दही म्हणजे पद्मजाला खडू कालवलेलं दूध वाटलं. लिंबाने मात्र ती टाळूपासून कानापर्यंत शहारली. आणि काळ्या सोड्यानेही तशीच शहारली.

"हे दोन्ही सारखेच आंबट आहेत."

"अगं, सोडा गोड असतो!"

"गोड आहेच की. पण त्या गोडाखाली लिंबाइतकंच आंबट आहे. खरं सांगते."

सन्मतीने स्वतः दोन्ही चाखून बघितलं आणि मान हलवली. सोड्यात आंबट होतं, पण लिंबाच्या पासंगालाही पुरणार नाही इतकं.

दुसऱ्या दिवशी पद्मजाने नाझनीनला फोन लावला. डॉ. नाझनीन शिकलगार म्हणजे रसपटलाचा आंबटाचा भाग जिने घडवला ती संशोधक. वय तिशीच्या आसपास, बोलणं भराभर, आणि पद्मजाला पहिल्या दिवसापासून काकू म्हणणारी.

"काकू, लिंबू आणि सोडा सारखे लागतात ना? मग पटल बरोबर चाललंय," नाझनीन म्हणाली. "दोन्हींचा सामू, म्हणजे पीएच, जवळजवळ एकच असतो. आणि बाकीच्या सगळ्यांनी सांगितलंय की आंबट छान कळतं. कदाचित इतक्या वर्षांत तुमची चवीची आठवणच जरा पुसट झाली असेल. आमच्या प्रमुखांचं, डॉक्टर सातवेकरांचंही तेच मत आहे."

"त्यांनी छान म्हटलं म्हणतेस," पद्मजा म्हणाली. "नाझनीन, तीस वर्षं मी लोकांना विचारतेय, गुडघा कसा आहे. सगळे म्हणतात, बरा आहे मॅडम. आपण त्यांच्यासाठी इतकं केलेलं असतं की आपलं मन मोडायचं त्यांच्या जिवावर येतं. मी म्हणूनच तसं विचारत नाही. मी विचारते, घरातल्या कुठल्या पायऱ्या चढायचं सोडलंत?"

फोनवर कागद पुढे ओढल्याचा आवाज आला.

"मग मी काय विचारू?"

"त्यांना विचार, पटल लावल्यापासून काय खायचं सोडलं."

नाझनीनने विचारलं. संध्याकाळी तिचाच फोन आला आणि या वेळी तिचं बोलणं भराभर नव्हतं. "काकू, एकाने ताक सोडलंय. एक आजी रोज दहीभात खायच्या, त्या आता दूधभात खातात. दोघांनी टोमॅटोचं सार बंद केलंय. सगळ्यांनी काही ना काही सोडलंय, आणि एकालाही ते सांगण्यासारखं वाटलं नव्हतं. मी उद्या तुमच्याकडे येते. येताना दोन बाटल्या आणते. काकांकडे खायचा चुना असेल तर त्याची निवळी करून ठेवायला सांगा."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर नाझनीनने दोन काचेचे पेले मांडले आणि दोन्ही बाटल्यांतलं पाण्यासारखं द्रव त्यांत अर्धंअर्धं भरलं. पिशवीतून पेनासारखं मीटर काढून तिने आधी एका पेल्यात बुडवलं, मग दुसऱ्यात. दोन्ही वेळा आकडा आला तीन.

"काका, सामू म्हणजे काय ते माहितीय ना?"

"शाळेत होतं," भरतेश म्हणाला. "सात म्हणजे शुद्ध पाणी. त्याच्या खाली आम्ल."

"बरोबर. आणि आकडा एकाने खाली उतरला की आम्लपणा दहापट वाढतो. या दोन्हींचा सामू तीन आहे. म्हणजे मीटरच्या लेखी दोन्ही एकसारखे. घाबरू नका, दोन्ही पिण्यासारखे आहेत. आता चव घ्या."

भरतेशने पहिल्या पेल्यातला घोट घेतला. "हे पाणीच आहे की. काहीतरी आहे, पण नावापुरतं." मग त्याने दुसरा पेला उचलला आणि घोट गिळायच्या आधीच त्याचं तोंड सन्मतीच्या परवाच्या तोंडासारखं झालं. "आई गं!"

पद्मजाने दोन्ही प्यायले. तिला दोन्ही नावापुरते लागले, तंतोतंत सारखे.

"पहिल्यात हायड्रोक्लोरिक आम्ल आहे," नाझनीन म्हणाली. "आपल्या जठरात असतं ते, पण खूप खूप पातळ केलेलं. दुसऱ्यात साधं व्हिनेगर आहे, पाणी घालून. आता हळद द्या."

तिने दोन्ही पेल्यांत चिमूटभर हळद टाकली. पाणी पिवळं झालं. हळदीला चुना लागला की ती लाल होते हे पद्मजाला लहानपणापासून ठाऊक होतं, पण पेल्यातलं आम्ल पुरतं संपल्याशिवाय ती लाल होणार नाही, हे नाझनीनने सांगितलं. मग तिने पहिल्या पेल्यात चमच्याने चुन्याची निवळी थेंबथेंब सोडायला सुरुवात केली. अर्धा चमचाही झाला नाही तोवर पेला कुंकवासारखा लाल झाला.

"संपलं याचं. आता दुसरा. काका, तुम्ही ओता."

भरतेशने एक चमचा ओतला. पिवळंच. आणखी ओतला. पिवळंच. थोड्या वेळाने तो चमचा ठेवून वाटीनेच ओतायला लागला. पेला काठोकाठ भरला म्हणून त्यांनी ते सगळं पातेल्यात घेतलं आणि पुन्हा ओतायला सुरुवात केली. मूळ द्रवापेक्षा जास्त निवळी ओतून झाली तेव्हा कुठे पातेलं लालसर व्हायला लागलं.

"मीटर म्हणतंय दोन्ही सारखे," भरतेश म्हणाला. "मग हे एवढं आम्ल लपलं होतं कुठे?"

"लपलं नव्हतं, बांधलेलं होतं." नाझनीन खुर्चीच्या टोकावर येऊन बसली. "आम्लाच्या रेणूला एक हायड्रोजन असतो. पाण्यात पडल्यावर तो सोडून द्यायचा हा त्याचा स्वभाव. सुटलेल्या हायड्रोजनला आयन म्हणतात, आणि सामू म्हणजे फक्त या सुट्या आयनांची मोजदाद. हायड्रोक्लोरिक हे तीव्र आम्ल. पाण्यात पडलं की हातचं सगळं सोडून मोकळं. म्हणून पेल्यात अगदी इवलंसं घातलं तरी सामू तीनवर येतो. व्हिनेगर सौम्य आम्ल. ते शंभरातले एखाद-दोन सोडतं आणि बाकीचे धरून ठेवतं. त्यामुळे सामू तीनवर आणायला ते भरपूर घालावं लागतं."

"म्हणजे मांडवात बसलेली माणसं मोजली," भरतेश म्हणाला, "आणि घरात थांबलेली राहूनच गेली."

"हो! आणि चुन्याने मांडव रिकामा केला की घरातले पुन्हा बाहेर येतात. लोक तीव्र म्हणजे जास्त असं समजतात. तसं नाही. तीव्र आणि सौम्य हा स्वभाव झाला. किती आहे, ती गोष्ट वेगळी."

पद्मजाने लाल पेल्याकडे बघत विचारलं, "आणि खरी जीभ काय मोजते?"

नाझनीन उत्तर द्यायला लागली आणि मध्येच थांबली. मग अगदी हळू म्हणाली, "दोन्ही. सौम्य आम्लाचे न सुटलेले रेणू जिभेच्या पेशीभोवतीच्या मेदाच्या पडद्यातून आत शिरतात आणि आत गेल्यावर सुटतात. पेशीला आंबट कळतं ते बरंचसं आतून. दही, ताक, चिंच, टोमॅटो, सगळ्यांतली आम्लं सौम्यच. काकू, आम्ही तुमच्या टाळूला जीभ नाही बसवली, सामूमीटर बसवलंय."

"मग आता जीभ बसव की," पद्मजा म्हणाली.

नाझनीन खळखळून हसली. दिवसभरात पहिल्यांदाच.

पुढचे काही आठवडे ती जवळजवळ संस्थेतच राहिली. जुन्या संवेदकाशेजारी तिने नवा बसवला. एक सूक्ष्म कप्पा, त्यात सामू सातवर ठेवलेला थेंबाहून लहान द्रव, आणि वरून मेदाचा अतिपातळ पडदा. सुटे आयन पडद्यावर अडतील, पण न सुटलेले रेणू त्यातून झिरपून कप्प्यात जातील आणि तिथे सुटतील. बाहेरची मोजदाद जुना संवेदक करेल, आतली नवा. प्रयोगशाळेच्या मेजावर सगळं ठीक चाललं. प्रश्न माणसाचा होता.

डॉ. सातवेकर चाचणीचे प्रमुख. मऊ आवाजाचे, सावध गृहस्थ. त्यांनी पद्मजाला आणि भरतेशला बोलावून समोर बसवलं. "रसपटलाचा आराखडा आम्ही याच महिन्यात कायम करणार होतो. एकदा कायम झाला की हजारो लोकांना तेच पटल मिळेल. नाझनीनचं म्हणणं मला पटतंय. पण नवं पटल म्हणजे कुपीपासून शिरेकडे विजेचा आणखी एक धागा, आणि त्यासाठी आधीचा जोड सोडवावा लागणार. शीर नाजूक असते. एकदा जुळलेली पुन्हा जुळेलच असं सांगता येत नाही. नाही जुळली तर तुमचं गोड आणि खारटही जाईल. तुम्ही नाही म्हणालात तर कुणी तुम्हाला दोष देणार नाही."

बाहेर पडल्यावर दोघं घरी न जाता गणेश तलावाच्या काठाला जाऊन बसले. ऊन कोवळं होतं.

"नको करूस," भरतेश म्हणाला. "अर्धी चव आहे ती काय वाईट आहे? खीर खाताना तुझा चेहरा बघितलाय मी. ते परत गेलेलं मला बघवणार नाही."

"त्या आजी दूधभात खातायत, अहो. आणि अजून हजार जण खातील, आणि सगळे छान म्हणतील."

"दुसऱ्या कुणाला तरी आधी करू दे की."

"करायला हरकत नाही. पण मला माझंही एक काम आहे." पद्मजाने त्याच्याकडे वळून बघितलं. "तीन वर्षं तुम्ही मला जेवायला घालताय. तीन वर्षं मी छान म्हणतेय. तुमचा हात चांगला आहे का वाईट, हे मला खरोखर माहीत नाही. मला एकदा खरं बोलायचंय."

भरतेशने तिचा हात धरला. "वाईट निघाला तर?"

"तर शिकवीन."

नवं पटल बसवलं त्या दिवशी नाझनीनने तिच्या तोंडात साखरेचं पाणी घातलं. पद्मजा वाट बघत राहिली. काहीच नाही. मिठाचं पाणी. काहीच नाही. नाझनीनने कुपीची वीज कणभर वाढवली, कमी केली, पुन्हा वाढवली. डॉ. सातवेकरांनी पद्मजाच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की शिरेला थोडा वेळ द्यावा लागतो. त्यांच्या मऊ आवाजावरून तिला कळलं की त्यांनाही खात्री नाही.

घरी ओली माती परत आली. दोन दिवस भरतेशने कसं झालंय म्हणून विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच टेबलापाशी बसून दहीभाकरी खात होती. दवाखान्यात कुठल्या पेशंटला आधी घ्यायचं याचा विचार चालला होता. भाकरीचा तुकडा दह्यात बुडवून तिने तोंडात टाकला आणि जबडा हलायचा थांबला.

दोन्ही गालांच्या आतून पाणी सुटलं. जिभेच्या कडा आवळल्या. मग तो आंबटपणा लाटेसारखा पसरत टाळूभर गेला. थंड, मऊ, ताजा, आणि इतका ओळखीचा की तिला आईच्या घरातली दह्याची लोटकीच समोर दिसली.

"अहो!" ती एवढ्याने ओरडली की भरतेश दाढीचा अर्धा साबण गालावर घेऊनच धावत आला. "दही आंबट आहे! अहो, दही आंबट आहे!"

"मी विरजण नीट लावलं होतं गं," तो गोंधळून म्हणाला, आणि मग त्याला कळलं. तिने टेबलावरची साखर चिमटीने तोंडात टाकली. गोड. मिठाची बरणी उघडून बोट घातलं. खारट. तेवढ्यावर न थांबता तिने लोणच्याची बरणी उघडली, कोकमाचं सरबत नुसतंच प्यायलं आणि चिंचेचं बोटूक तोंडात धरून ती स्वयंपाकघरात लहान पोरीसारखी उड्या मारायला लागली. नाझनीनला फोन लावला तेव्हा तिच्या तोंडात काहीतरी होतंच. पलीकडून नाझनीन काय म्हणाली ते कुणालाच कळलं नाही, कारण ती एकाच वेळी हसतही होती आणि रडतही होती.

सकाळी दहा वाजता घरात आमटी शिजली. भरतेशने चिंच नेहमीच्या, सन्मतीला झेपेल अशा मापाने घातली. वाटी पद्मजाच्या हातात दिली आणि परीक्षेला बसल्यासारखा समोर उभा राहिला. या वेळी त्याने विचारलं, "कसं झालंय?"

पद्मजाने घोट घेतला. डोळे मिटले. बराच वेळ घेतला.

"गूळ जास्त झालाय."

"काय?"

"आमटी चांगली आहे. हात चांगला आहे तुमचा. पण गूळ तुम्ही मुक्तहस्ते घालता. चिंचेला बोलूच देत नाही."

भरतेश असा हसला की त्याला खुर्चीवर बसावं लागलं. तीन वर्षांत पहिल्यांदा पद्मजाने त्याच्या स्वयंपाकाला खरीखुरी चव घेऊन नाव ठेवलं होतं. त्या दिवशी त्याने दोनदा आमटी केली.

चाचणीतल्या बाकीच्यांनाही एकेक करून नवं पटल मिळालं. कुणाची शीर दोन दिवसांत जुळली, कुणाची आठवड्याने, पण जुळली सगळ्यांची. दूधभातवाल्या आजींनी संस्थेत सगळ्यांना दहीभात वाटला. आणि त्याच दिवशी पद्मजाच्या लक्षात एक गोष्ट आली, जी ती बरेच दिवस नुसती अनुभवत होती.

तिच्यापुढे ताकाचे दोन पेले होते. "दोन्ही सारखेच आंबट," शेजारी बसलेली नाझनीन पिऊन म्हणाली.

"हो. पण यात अजून आहे," पद्मजा एका पेल्याकडे बोट दाखवून म्हणाली.

"अजून काय?"

"आत. बाहेर आलंय ते दोन्हींत सारखंच आहे, पण याच्या आत अजून बरंच धरून ठेवलेलं आहे. तुला नाही कळत?"

नाझनीन तिच्याकडे बघत राहिली. मग तिने तिला तिथेच बसायला सांगितलं आणि आतून कपांची रांग घेऊन आली. लिंबू, कैरीचं पन्हं, द्राक्षाचा रस, व्हिनेगरचं पाणी, तीव्र आम्लाचं पाणी. पद्मजाने एकेक घोट घेतला आणि आत काय किती उरलंय त्या क्रमाने कप सरकवत नेले. खेळात रंगल्यासारखी ती सरकवत होती. नाझनीनने प्रत्येक कपात निवळी ओतून मोजलं. क्रम बरोबर होता. तिने कप बदलून पुन्हा करायला लावलं. पुन्हा बरोबर.

"काकू, खऱ्या जिभेत हे दोन्ही पेशीपाशीच एकत्र होतं," नाझनीन म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "आम्हाला एकच आंबट कळतं. तुमचे दोन धागे शिरेतल्या वेगवेगळ्या तंतूंना लागलेत. बाहेरचं वेगळं आणि आतलं वेगळं. हे आजवर कुणाला कळलेलं नाही. कुणालाच."

दूधभातवाल्या आजींनी मान डोलावली. "मला वाटलं सगळ्यांनाच कळतं," त्या म्हणाल्या. "आम्ही आपसात त्याला आतलं म्हणतो."

डॉ. सातवेकर नेहमीप्रमाणे सावध होते. आराखडा आता खरंच कायम करायचा होता. दोन्ही धागे कुपीतच एकत्र विणले तर सगळ्यांना चारचौघांसारखं आंबट मिळेल, आणि ते करणं अगदी सोपं होतं. नाहीतर आहे तसंच ठेवायचं. नवं पटल सगळ्यांत आधी तिने लावलं होतं, म्हणून त्यांनी निर्णय पद्मजावर सोपवला, विचार करून कळवा म्हणाले. पद्मजाने विचार केला. बाजारात उभी राहून टोमॅटो चाखताना केला, भरतेशच्या आमटीवर केला. प्रत्येक वेळी तिला त्या दुसऱ्या चवीचा आनंद होत होता, आणि प्रत्येक वेळी एक बारीक शंकाही येत होती. भरतेश आणि ती एका पातेल्यातलं खात होते, पण आता एकच चव खात नव्हते.

निर्णय सांगायला ती संस्थेत गेली तेव्हा बाहेरच्या बाकावर एक मुलगी बसली होती. इचलकरंजीची मैथिली, कॉलेजात शिकणारी. तिची चव गेलेली नव्हती. जन्मापासून तिला चव नव्हतीच. पुढचं पटल तिला लावायचं होतं.

"तुम्ही पद्मजाकाकू ना?" ती सरकून जागा करत म्हणाली. "नाझनीनदीदी म्हणाल्या, तुम्हाला विचारायला. गोड म्हणजे सगळ्यांना आवडतं तसं काहीतरी, एवढं मी समजून घेतलंय. खारट म्हणजे घामासारखं, असं आई सांगते. पण आंबट कुणाला सांगताच येत नाही. सगळे नुसतं तोंड वाकडं करून दाखवतात." ती हसली. "काकू, आंबट म्हणजे कसं असतं?"

पद्मजाने सांगायला तोंड उघडलं. शब्द जिभेवर होते, एक नाही, दोन दोन. या पोरीला जे लावलं जाईल तेच तिचं आंबट होणार होतं, जन्मभर, आणि दुसरं काही असतं हे तिला कधी कळणारही नव्हतं. आतून नाझनीनने दार उघडलं आणि उत्तराची वाट बघत ती तिथेच उभी राहिली.

पद्मजाने मैथिलीचा हात आपल्या हातात घेतला. तिलाच हसू आलं.

"सांगते की. पण आधी तू सांग," ती म्हणाली, "त्यांचं एक सांगू, का आपली दोन?"